तीन परडी

दोडका एकच होता,
वाशाला टांगलेला, हलवला की खुळखुळायचा.
आईनं तो फोडला, बिया राखेत घोळल्या
आणि तीन चिंध्यांत बांधल्या, मोजून एकवीस एकवीस.
पाऊस मात्र असा मोजून वाटता आला नाही तिला.

थोरली अक्काताई जांबोटीला पडली.
मी वडगावात, मागांच्या खडखडाटात.
धाकटी मालन अथणीच्या पलीकडं,
तिथं ढग येतात ते नुसती चौकशी करून जातात.

जिल्हा एकच म्हणायचा.

आषाढात अक्काताईचा फोन :
"सतरा दिवस झाले, दोरीवरचं लुगडं वाळंना.
दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात
आणि सकाळी बघावं तर चिखलात.
माशी येईना गं. माशीनं तरी कुठनं यावं?
अळू तेवढं माजलंय, पान डोक्यावर घेऊन गोठ्यात जाते."

त्याच रात्री मालनचा :
"भांड्याचं पाणी घालते वांग्यांना.
वारा असला, की शेवग्याची फांदी
दिवसभर कौलं झाडते.
मिरची खूश आहे. तहानली की जास्त तिखट होते,
माझ्यासारखी."

मी मधली. माझ्याकडं भुरभुर.
छत्री उघडावी तर लाज वाटते, न उघडावी तर पदर भिजतो.
मागावर ताणा सैल पडतो असल्या हवेत,
टोमॅटोच्या पानांवर काळे ठिपके उठतात,
आणि नवलकोल, कुणाचं काही न ऐकता,
गुबगुबीत होत बसतो.
वेल मी तुटक्या रेशमी दोऱ्यांनी बांधते.
शेजारची म्हणते, तुझ्या कारल्याचं लग्न आहे काय?

पिशव्या कधी सुरू झाल्या आठवत नाही.
जांबोटीच्या पहिल्या गाडीनं अळू, काकडी, सुरणाचा गड्डा.
अथणीच्या गाडीनं गवार आणि मिरच्या.
मी स्टँडवर दोन्ही रिकाम्या करायची,
इकडचं तिकडं भरायची, वर नवलकोल.
अथणी गाडीचा कंडक्टर ईरण्णा एकदाच बोलला :
"अक्का, बायकांना तिकीट फुकट हाय,
भोपळ्याला न्हाई."
दहा रुपये घेतले. पावतीही दिली.

मग त्या श्रावणात मालनचा फोन भलत्या वेळी आला.
"थेंब पडला नाही ताई. पाणी आलं.
कुणाच्या तरी पावसाचं पाणी."
नदी रात्री परड्यात शिरली होती,
पाच दिवस बसली, उठताना गाळ ठेवून गेली.
शेवगा उभ्याउभ्या कुजला.
कोनाड्यातली बियांची चिंधी
कुठल्या गावाला गेली कोण जाणे.

अक्काताईला पाण्याचं काही नवल नाही.
"रडू नको. गाळ उपसू नको," म्हणाली,
"त्यात मुळा टाक."
आणि अळूचे कांदे पाठवले, ओल्या पोत्यात गुंडाळून.

कार्तिकात मालननं स्वतःच्या परड्यातल्या अळूचं फतफतं केलं.
घसा खाजला म्हणे सगळ्यांचा.
चिंच घालायची विसरली होती.
वाळक्या मुलखातली बाई, तिला काय ठाऊक?
आम्ही तिघी फोनवर इतक्या हसलो
की माझ्या नवऱ्यानं माग थांबवला.

पण दोडका?
अक्काताईकडं तो वेलीवर कधी वाळलाच नाही,
बी धरायच्या आत सडतो.
म्हणजे उरले मी.
कुंपणाच्या आत, पानाआड, एक राहिला होता,
चुकून. भाजीला काढताना दिसलाच नव्हता.
खुळखुळवला. फोडला.
अठरा बिया काळ्याभोर, चार पोचट.
राख शोधत घरभर फिरले. गॅस आल्यापासून
घरात राख कुठली?
शेवटी उदबत्तीची घेतली.

नऊ मालनला. नऊ ठेवल्या.
आईची बरोबरी काही जमली नाही.

ईरण्णानं पुरचुंडी तळहातावर तोलली,
वास घेतला, खिशात टाकली, मशीनच्या शेजारी.
मी विचारलं, तिकडं हवा कशी आहे?
"चिकोडीपतोर ऊन हाय," म्हणाला.
"म्होरचं मला म्हाईत न्हाई."